सूर्य शहराच्या पाठीमागे : मुंबई बंदरातली एक फेरी



मागच्या वेळी मी इथं बोललो तेव्हा विषय जरा जड होता. इतिहासात 'कारण' म्हणजे काय, असा. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "सर, पुढच्या वेळी जरा मोकळ्या हवेतलं काही सांगा." (हशा) तेव्हा आज आपण मोकळ्या हवेत जाऊ या. बोटीतून.

डिसेंबरात माझी नात पुण्याहून आली होती. वय वर्षं अकरा. तिला मुंबईत एकच गोष्ट करायची होती : गेटवेला जाऊन बोटीत बसायचं, आणि तेही सूर्यास्ताच्या वेळी. हल्ली याला 'सनसेट क्रूझ' म्हणतात. ज्यांना परवडतं ते पांढऱ्याशुभ्र यॉटमधून जातात. आम्ही आपली साधी लाकडी लाँच घेतली. वरच्या डेकवर बसायचे पैसे वेगळे. ते दिले. खलाशानं नारिंगी लाइफ जॅकेटं हातात ठेवली, ती घातली, आणि साडेपाचच्या सुमारास लाँच धक्क्यापासून सुटली.

थोडं पाण्यात गेल्यावर सगळ्यांनी मोबाईल बाहेर काढले आणि समोरच्या समुद्राकडे धरले. समोर नांगरलेली जहाजं होती, घारापुरीचा डोंगर होता, पलीकडे धुरकटलेला उरणचा किनारा होता. सूर्य मात्र नव्हता. नात म्हणाली, "आजोबा, सूर्य कुठाय?" मी म्हटलं, "मागे बघ." ताजमहाल हॉटेलच्या घुमटाच्या मागे तो निवांत खाली उतरत होता. ती म्हणाली, "म्हणजे तो समुद्रात बुडणारच नाही?" मी म्हटलं, "नाही. इथून बघितलं तर तो कुलाब्यात बुडतो." तिचा चेहरा पडला. फसवणूक झाल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली आणि मग तिनं जो प्रश्न विचारला, त्यावर आजचं व्याख्यान आहे. ती म्हणाली, "मग ही बोट चुकीच्या बाजूला का ठेवलीय?"

बोट चुकीच्या बाजूला नाही. पण मुंबईकर माणूस आज समुद्र म्हटलं की पश्चिमेकडे तोंड करतो. मरीन ड्राइव्ह, चौपाटी, शिवाजी पार्क, जुहू. सूर्य तिथं समुद्रात बुडतो, आणि आपली अशी समजूत होते की मुंबईचा समुद्र तोच. मुंबई जन्माला आली, मोठी झाली, पैसेवाली झाली ती दुसऱ्या समुद्रामुळे. पूर्वेच्या. बंदराच्या.

याचं कारण अगदी साधं आहे, ते आधी सांगतो. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो. कोकणच्या किनाऱ्यावर त्या चार महिन्यांत उघड्या समुद्रात जहाज उभं करणं म्हणजे ते बुडवायला ठेवणं. मुंबईचं बेट काय करतं, तर दक्षिणोत्तर आडवं पडून तो वारा स्वतःच्या अंगावर घेतं, आणि त्याच्या पाठीशी, म्हणजे बेट आणि कोकणची मुख्य भूमी यांच्यामध्ये, खोल आणि शांत पाण्याचा मोठा पट्टा तयार होतो. तोंड तेवढं दक्षिणेला. असं नैसर्गिक बंदर या किनाऱ्यावर क्वचित सापडतं. पोर्तुगीजांना ते सापडलं, इंग्रजांना त्याची किंमत कळली. १६६८ साली दुसऱ्या चार्ल्सनं हे बेट कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकलं. कंपनीनं भाड्यानं घेतलं ते खरं म्हणजे हे पाणी. किल्ला त्या पाण्याच्या काठावर झाला, गोदामं तिथं झाली, टाकसाळ तिथं झाली, टाउन हॉल तिथं झाला. गिरगाव चौपाटी ही तेव्हा शहराची मागची बाजू होती. म्हणजे आम्ही लाँचमधून जे बघत होतो तो शहराचा जुना दर्शनी भाग. फरक एवढाच की संध्याकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे असतो, म्हणून तो दर्शनी भाग नुसता काळा आकार होऊन दिसतो. फोटो छान येतो. तपशील एकही दिसत नाही.

हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मी शेवटी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता इथं एका तत्त्वज्ञाची आठवण काढतो; जन्मभराची सवय, लगेच जात नाही. (हशा) कॉलिंगवूड नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ होता. इतिहासाच्या तत्त्वज्ञानात त्याचं नाव मोठं, आणि गंमत म्हणजे त्याला शिडाच्या बोटीचा नाद होता. १९३९ साली त्यानं आत्मचरित्र लिहिलं. त्यात तो सांगतो की पहिल्या महायुद्धाच्या काळात कामावर जाताना त्याच्या वाटेवर रोज लंडनमधलं अल्बर्ट मेमोरियल लागायचं. त्याला ते अत्यंत कुरूप वाटायचं. पण रोज बघून बघून त्याच्या मनात आलं : ज्यानं हे बांधलं तो काही मूर्ख नव्हता, मग त्याला करायचं तरी काय होतं? कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्यानं हे उभं केलं? त्यातून त्याचा सिद्धांत तयार झाला. कोणतीही वस्तू, कोणतंही विधान हे उत्तर असतं. प्रश्न माहीत नसेल तर ते उत्तर कळत नाही, आणि इतिहासकाराचं काम तो प्रश्न शोधून काढायचं.

आम्ही लाँचवर तेच केलं. नातीला म्हटलं, दिसेल त्या वस्तूला विचारायचं : बाई, तू कोणासाठी?

पहिली अर्थात गेटवे. लाँचवर एक तरुण माइकवरून माहिती सांगत होता. चांगला बोलत होता. राजासाठी बांधली, म्हणाला. बरोबरच आहे, पण राजाला ती मिळालीच नाही. पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले तेव्हा तिथं तात्पुरती उभारलेली शोभेची कमान होती. दगडाच्या कमानीची पायाभरणी १९१३ साली. जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ साली मंजूर झाला. मधल्या वर्षांत काठावर भर घातली गेली, महायुद्ध होऊन गेलं, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्यानंतर चोवीसावं वर्ष सरायच्या आत, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची तुकडी याच कमानीखालून चालत बोटीकडे गेली. भारतातून गेलेली ती शेवटची ब्रिटिश पलटण. म्हणजे राज्यकर्त्यांच्या येण्यासाठी बांधलेल्या दाराला त्यांच्या जाण्यासाठीच जास्त प्रसिद्धी मिळाली.

आणखी एक बारकावा बघा. गेटवेच्या समोर उभं राहिलात तर लक्षात येईल की कमान आणि तिच्याकडे येणारा रस्ता एका रेषेत नाहीत. कमानीतून सरळ शहरात जाणारा भव्य रस्ता व्हायचा होता. त्याला पैसे उरले नाहीत. दार बांधलं, दारातून घरात जायची वाट राहिली. वसाहतीच्या राज्यावर मी बरीच पुस्तकं वाचलीत, पण इतकं नेमकं चित्र मला एकाही पुस्तकात मिळालेलं नाही.

या धक्क्याचं नाव अपोलो. ग्रीक देवाचा इथं काही संबंध नाही. आपले लोक या जागेला पालवा बंदर म्हणायचे, इंग्रजी कानांनी 'पालवा'चं 'अपोलो' केलं. इथं कोणी उतरायचं याचेही दंडक होते. राजघराण्यातली माणसं, व्हाइसरॉय, गव्हर्नर यांचा तो मान. म्हणून ९ जानेवारी १९१५ ही तारीख मला महत्त्वाची वाटते. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेचं काम संपवून, इंग्लंडमार्गे, गांधी आणि कस्तुरबा मुंबईत परतले, आणि त्यांना अपोलो बंदरावर उतरण्याची खास परवानगी मिळाली. अंगावर काठेवाडी धोतर, अंगरखा, फेटा. गेटवेच्या जागी तेव्हा बांधकाम चालू होतं. दार अजून पुरं झालेलं नाही, आणि ते ज्यांचं होतं त्यांना घालवणारा माणूस त्याच्या बाजूनं आत आलाय.

ताजबद्दल आमचा माइकवाला म्हणाला की हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि त्या दुःखानं इंग्रज वास्तुशास्त्रज्ञानं जीव दिला. ही दंतकथा तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. ती खोटी आहे. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि मिर्झा यांचा. वैद्य काम चालू असतानाच आजारपणानं वारले, पुढं चेंबर्स यांनी ते पुरं केलं आणि १९०३च्या डिसेंबरात हॉटेल उघडलं. मूळ प्रवेश शहराच्या बाजूनं होता, कारण घोडागाड्या तिकडून यायच्या. खोल्यांना समुद्र हवा होता, तो त्यांना मिळाला. पुढं प्रवेश बंदराकडे आला आणि जुन्या दाराच्या जागी पोहण्याचा तलाव झाला. चूक कोणाचीच नव्हती. पण बघा, मराठी माणसाचं नाव विसरलं गेलं आणि खोट्या साहेबाची आत्महत्या लक्षात राहिली. (हशा) हसू नका, हे गंभीर आहे. वस्तूचा प्रश्न आपण शोधला नाही की माइकवाला आपल्याला एक गोष्ट देतो, आणि आपण ती घेतो.

लाँच वळली. शहराकडे तोंड करून बसलं की उजव्या हाताला, गेटवेच्या उत्तरेला, नौदलाची गोदी. करड्या रंगाच्या युद्धनौका. इथं फोटो काढू नका, असं सांगण्यात आलं, आणि लोकांनी मोबाईल खाली ठेवले. माझं मत असं की जिथं फोटोला बंदी असते तिथं माणूस जरा नीट बघतो.

१७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे कारागीर कंपनीच्या बोलावण्यावरून इथं आले. त्यांनी आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी दीडशे वर्षं या गोदीत जहाजं बांधली. मलबारच्या सागाची. इंग्लंडच्या ओकपेक्षा साग टिकाऊ, हे ब्रिटिश आरमारालाही मान्य करावं लागलं. १८१७ साली इथं बांधलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यात उभी आहे. हे आपण अभिमानानं सांगतो, सांगावंच. पण प्रश्न विचारायचा ठरलाय ना? मग १८१३ साली याच गोदीत बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'लाही विचारू, की बाई, तू कोणासाठी? २९ ऑगस्ट १८४२ रोजी पहिल्या अफूच्या युद्धात हरलेल्या चीनकडून नानकिंगच्या तहावर सह्या घेतल्या गेल्या त्या या 'कॉर्नवॉलिस'वर. माळव्याची अफू याच बंदरातून चीनला जायची. अफूच्या आणि कापसाच्या त्या पैशातून मुंबईतली कित्येक घराणी उभी राहिली, आणि त्यांच्या दानातून रुग्णालयं आणि कॉलेजं झाली. म्हणजे साग आपला, सुतार आपला, माल आपल्या शेतातला, आणि तह चीनच्या मानेवर पाय ठेवून. त्या सुताराला दोष द्यायला मी उभा नाही. एवढंच म्हणायचंय की बंदराचा इतिहास पूर्ण सांगायचा तर आपण त्यात फक्त सोसणारे नव्हतो.

याच पाण्यात आणखी एक गोष्ट झाली. १८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्यातल्या 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी संप केला. सुरुवात जेवणावरून आणि वागणुकीवरून. शिळंपाकं अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या. दोन दिवसांत बंदरातल्या जहाजांवर इंग्रजी निशाण उतरलं आणि काँग्रेस, लीग, कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे चढले. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सपाशी गोळीबार झाला. आणि तेव्हा शहरातले लोक, कामगार, विद्यार्थी, फळवाले, इराणी हॉटेलवाले, गेटवेवर अन्नाची पाकिटं घेऊन आले आणि खलाशी लहान बोटींतून येऊन ती घेऊन गेले. पुढारी मंडळींना संप नको होता. २३ तारखेला खलाशांनी शरणागती पत्करली. शहरातल्या गोळीबारात दोनशेच्या वर माणसं गेली. राजासाठी बांधलेल्या धक्क्यावरून मुंबईच्या साध्या माणसानं स्वतःहून काही दिलं असेल, तर ते या तीन-चार दिवसांत.

लाँच याच्या पुढं जात नाही. इथून ती दक्षिणेकडे एक वळसा घेते आणि परत फिरते. सूर्यास्ताची फेरी इथं संपते.

इतिहास मात्र तिथून उत्तरेला अजून दहा किलोमीटर आहे.

त्या दहा किलोमीटरमध्ये काय आहे? प्रिन्सेस डॉक, १८८०. व्हिक्टोरिया डॉक, १८८८. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचं इंदिरा डॉक, १९१४. या शेवटच्या डॉकच्या खोदाईतून निघालेल्या मातीची भर घालून बॅलार्ड इस्टेट तयार झाली. आणि या सगळ्याभोवती भिंत. बंदर चालवायला भिंत लागते, हे कळतं. जकात आहे, चोऱ्या आहेत. पण परिणाम असा झाला की ज्या पाण्यामुळे शहर झालं ते पाणी शहराला दिसेनासं झालं. माझगाव, डोंगरी, मशीद बंदर इथं राहणाऱ्या माणसाच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर; बघायला मात्र त्याला चौपाटीवर जावं लागतं. पुढं विसाव्या शतकात बॅकबेची भर पडली, मरीन ड्राइव्ह झाला, आणि शहरानं तोंडच फिरवलं.

भिंतीपलीकडे काय चाललंय हे शहराला एकदा मात्र फार भयानक रीतीनं कळलं. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, कापसाच्या हजारो गाठी, आणि सोन्याच्या विटा. कापसाला आग लागली. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट आणि अर्ध्या तासानं दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान तिथंच गेले. १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो तो त्यांच्यासाठी. एकंदर किती माणसं गेली याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. हा पाचशेचा फरक कशाचा? गोदीतला हमाल, देशावरून, सातारा-पुण्याच्या घाटमाथ्यावरून आलेला, रोजावर काम करणारा. त्याचं नाव रोज एका वहीत चढायचं आणि वहीही जळाली असेल, तर तो मेला हे सांगणार कोण? सोन्याच्या विटांचा हिशेब मात्र नगावर होता. एकूण १२४.

आता मी माझ्या दारापाशी येतो. भाऊचा धक्का.

लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, लोक त्यांना भाऊ म्हणत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी लोकांच्या सोयीसाठी धक्का बांधला. जागा पुढं बदलली, नाव राहिलं. सरकारी कागदावर ते फेरी व्हार्फ आहे, पण ते नाव घेऊन टॅक्सीवाल्याला विचारलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील.

१९५८च्या मे महिन्यात मी आईबरोबर रत्नागिरीहून आगबोटीनं मुंबईत आलो. वडील लालबागला गिरणीत होते. रत्नागिरीला तेव्हा बोट किनाऱ्याला लागायची नाही. लांब उभी राहायची, आणि माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जायची. पडाव लाटेवर वर गेला की खलाशी बखोट धरून आपल्याला बोटीत ओढून घ्यायचा. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, फणसाची साठं, कुळथाचं पीठ. आईला रात्रभर बोट लागली होती. पहाटे ती मला हलवून म्हणाली, "ऊठ, ममई आली."

आणि मी जे बघितलं ते सांगतो. सूर्य आमच्या पाठीमागून, उरणच्या डोंगरांवरून वर येत होता, आणि सगळं शहर समोरून उजळलेलं होतं. एक एक खिडकी दिसत होती. गेटवेचा दगड मधासारखा पिवळा होता. आम्ही गेटवेच्या समोरून गेलो, पण तिथं थांबलो नाही. बोट पुढं गेली, गोदी गेली, डॉक गेले, क्रेनांच्या माना गेल्या, आणि मासळीच्या वासात आणि हमालांच्या आरड्याओरड्यात भाऊच्या धक्क्याला लागली. धक्क्यावर वडील उभे होते. डोक्यावर काळी टोपी. मी त्यांना ओळखलं नाही, कारण दोन वर्षं बघितलं नव्हतं.

त्या डिसेंबरच्या संध्याकाळी लाँचवर मला हे कळलं, आणि सत्तरी उलटून गेल्यावर कळलं याचं नवल वाटलं. मी हे शहर आयुष्यात पहिल्यांदा बघितलं ते याच पाण्यावरून, याच जागेवरून, फक्त उलट्या उजेडात. सूर्यास्ताच्या फेरीवाल्याला शहराची आकृती दिसते. सकाळच्या बोटीनं पोटासाठी येणाऱ्याला शहराच्या खिडक्या दिसायच्या.

याच पाण्यात 'रामदास' बुडाली. नाव तुम्हाला माहीत आहे. १७ जुलै १९४७, गुरुवार, गटारी अमावास्या. स्वातंत्र्य एकोणतीस दिवसांवर. सकाळी आठच्या सुमारास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. काश्याच्या खडकाजवळ वादळी पावसात कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. सणाला गावी निघालेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. रेवसकडच्या कोळ्यांच्या होड्यांनी जमेल तितक्यांना पाण्यातून काढलं. मुंबईला पहिली बातमी कळली ती पोहत आलेल्या एका मुलामुळे, असं सांगतात, आणि तो मुलगा लागला तो गेटवेच्या बाजूला. आमच्या चाळीत एक काकू होत्या, त्यांचा भाऊ त्या बोटीत होता. त्या पुढं तीस वर्षं जगल्या, माहेरी जाताना पनवेलमार्गे एसटीनं जायच्या, होडीत पाय ठेवला नाही.

आमच्या माइकवाल्यानं 'रामदास'चं नाव घेतलं नाही. त्याला दोष देत नाही. सुट्टीत मजा करायला आलेल्या माणसाला कोण सांगेल? पण मला एक विचारायचंय. आम्ही घातलेली ती नारिंगी जॅकेटं. ती आज आग्रहानं घालायला लावतात त्याला कारण आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट चाचणी चालू असताना आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. त्यानंतर जॅकेटं अंगावर चढली. १९४७ ते २०२४ म्हणजे सत्त्याहत्तर वर्षं. 'रामदास' आपल्याला आठवत होती ती हळहळ म्हणून. नियम म्हणून ती आठवली असती, तर जॅकेट अंगावर चढायला आणखी एका अपघाताची वाट बघावी लागली असती का? इतिहास कशासाठी शिकायचा, असं मला विद्यार्थी चाळीस वर्षं विचारत आले. मी काहीबाही अवघड उत्तरं दिली. आता विचारलं तर त्या जॅकेटकडे बोट दाखवीन.

शेवटचा मुद्दा, आणि थांबतो.

मोठी मालवाहतूक १९८९ नंतर समोर न्हावा शेव्याला गेली. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या भिंती आज ना उद्या उतरणार. शिवडीहून अटल सेतू झालाय, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन रो-रो जाते, क्रूझचं नवं टर्मिनल आहे, आराखडे तर पुष्कळ आहेत. दीडशे वर्षांनी ते पाणी शहराला परत मिळण्याची वेळ आली आहे. चांगलंच आहे. पण त्या किनाऱ्यावर काय उभं करायचं हे ठरवणारी माणसं शहराकडे कोणत्या वेळच्या बोटीतून बघताहेत? संध्याकाळच्या असतील तर त्यांना आकृती दिसेल, आणि आकृती सुंदर असते. तिच्यात हॉटेलं बसतात, टॉवर बसतात, पायऱ्या-कारंजी बसतात. सकाळच्या बोटीतून बघितलं तर दिसेल की तिथं आजही कोळणी पहाटे मासळीच्या पाट्या उचलतात, मोऱ्याची आणि रेवसची लाँच तिकीट काढलेल्या साध्या माणसाला नेते-आणते, आणि गोदीतल्या हमालांची नातवंडं मागच्याच गल्लीत राहतात. त्यांना त्या पाण्याचं दार मिळणार आहे की त्यांच्यासमोर नवीन भिंत येणार आहे, एवढाच प्रश्न आहे.

त्या संध्याकाळी लाँच धक्क्याला लागली तेव्हा दिवे लागले होते. गेटवेवर झगमगाट होता. नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळचं दार कुठलं? ते दाखवा." रात्र झाली होती, तेव्हा गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टॅक्सी करून भाऊच्या धक्क्याला गेलो आणि रेवसची तिकिटं काढली. जाताना शहर पाठीमागे होतं. येताना मात्र ती पुढच्या बाकावर उभी राहिली आणि शहर दिसायला लागल्यावर मोठ्यांदा खिडक्या मोजायला लागली. शेजारी मासळीची टोपली घेऊन बसलेल्या बाई तिला म्हणाल्या, "बाय, गेटवेच्या म्होरं तर येऊ दे, मग मोज."

तुम्हीही एकदा जा. सूर्यास्ताला जरूर जा. पण नंतर एकदा सकाळची लाँच धरा.